किमान कंपायलरची अट: शेतनकाशांमागचे सॉफ्टवेअर आणि कार्यालयातील जुने संगणक

अतिवृष्टीनंतर कोणत्या शिवारात पाणी साचले आहे, याचा अंदाज उपग्रह प्रतिमांवरून घ्यायचा असेल तर सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा पावसाळ्यात फारशा कामी येत नाहीत. त्यांत पिकांऐवजी ढगच दिसतात. अशा वेळी सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो, कारण रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. या प्रतिमा विनामूल्य मिळतात. त्या उघडून नकाशा तयार करणारे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. तरीही ऐन गरजेच्या दिवशी काम अडते, आणि ते भलत्याच ठिकाणी अडते. कार्यालयातील जुन्या लिनक्स सर्व्हरवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवू जावे, तर पडद्यावर संदेश येतो की, या कोडसाठी सी++ भाषेचे अमुक वर्षाचे मानक समजणारा कंपायलर आवश्यक आहे. यंत्र बिघडलेले नसते, जागा पुरेशी असते, इंटरनेटही चालू असते. फक्त कंपायलर जुना असतो. पंचनाम्यासाठी गटांची यादी मागणारा दूरध्वनी मात्र वाजतच राहतो.

ही अट कोण घालते, कशासाठी घालते आणि ती केव्हा वाढवायची हे कसे ठरते, याचा विचार विस्तार यंत्रणेत सहसा होत नाही. सॉफ्टवेअर हा संगणक विभागाचा विषय, असे समजून तो बाजूला ठेवला जातो. परंतु मृद नकाशे, पीक क्षेत्राचा अंदाज, पाणलोटाची आखणी ही कामे ज्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर उभी आहेत, त्या सॉफ्टवेअरच्या पायाशी हीच अट आहे.

प्रोग्रामर जो मजकूर लिहितो तो माणसाला वाचता येतो, यंत्राला नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर सर्वाधिक प्रचलित आहे. ज्या भाषेत कोड लिहिला जातो ती भाषाही स्थिर नसते. सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आले, मोठी सुधारणा २०११ मध्ये झाली आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी नवे मानक येऊ लागले: २०१४, २०१७, २०२०. नव्या मानकातील शब्दरचना जुन्या कंपायलरला कळत नाही. म्हणून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याला सांगावे लागते की, आमचा कोड किमान या आवृत्तीच्या कंपायलरवर चालेल, त्याखाली नाही. रोटाव्हेटर घेताना किमान किती अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागेल हे पाहतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, रोटाव्हेटर एकदा घेतला की त्याची अश्वशक्तीची गरज पुढच्या वर्षी वाढत नाही. सॉफ्टवेअरची वाढते.

जीडाल: दिसत नाही, पण सर्वत्र आहे

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी जीडाल ही सॉफ्टवेअर लायब्ररी उत्तम उदाहरण आहे. फ्रँक वॉर्मरडॅम या कॅनडातील प्रोग्रामरने १९९८ मध्ये तिचे काम सुरू केले. तिचे काम सांगायला सोपे आणि करायला किचकट आहे. उपग्रह प्रतिमा, उंचीचे नमुने, गावनकाशे, गट क्रमांकांच्या सीमा हे सर्व वेगवेगळ्या संस्था वेगवेगळ्या स्वरूपांत साठवतात. जीडाल ही सर्व स्वरूपे वाचते आणि एकातून दुसऱ्यात रूपांतर करते. २००२ मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस, त्याहून जुने ग्रास, आर भाषेतील नकाशांची पॅकेजेस आणि पायथॉनमधील रास्टरिओ ही सर्व साधने प्रतिमा उघडताना जीडालकडेच हात पसरतात. सेंटिनेल-२ च्या लाल आणि अवरक्त पट्ट्यांवरून पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक काढणाऱ्या कृषी पदवीधराने जीडालचे नावही ऐकलेले नसते, तरी त्याचा प्रत्येक पिक्सेल तिच्यातूनच आलेला असतो.

लायब्ररी आणि स्वतंत्र सॉफ्टवेअर यांतील हा फरक महत्त्वाचा आहे. एखाद्या स्वतंत्र सॉफ्टवेअरने नवा कंपायलर मागितला तर त्याचे वापरकर्तेच अडतात. लायब्ररीने तो मागितला तर तिच्यावर उभी असलेली सगळी उतरंड हलते. म्हणून जीडालसारख्या लायब्ररीची किमान अट वाढवणे हा तिच्या चालकांचा केवळ घरगुती निर्णय राहत नाही.

सुरुवातीची जवळजवळ वीस वर्षे जीडालचा कोड १९९८ च्या सी++ मध्येच लिहिला जात होता. २०११ चे मानक आले, २०१३ मध्ये जीसीसीच्या ४.८ मालिकेने त्या भाषेचे सर्व घटक आत्मसात केले, तरी जीडाल थांबली. २०१७ मध्ये चालकांनी यासाठी ६८ व्या क्रमांकाचा बदल प्रस्ताव मांडला आणि मे २०१८ मध्ये आलेल्या २.३ आवृत्तीपासून २०११ चे मानक सक्तीचे झाले. पुढची पायरी मे २०२४ मधील ३.९ आवृत्तीत आली. तिने २०१७ चे मानक मागितले. दोन्ही वेळा मानक प्रसिद्ध होणे आणि ते सक्तीचे होणे यांत साधारण सात वर्षांचे अंतर आहे. हा आळस नव्हे. जगभरातील कार्यालयांतील संगणक तेवढ्या वेळात बदलतात, हे ओळखून घेतलेला तो धीर आहे.

अट वाढवण्याची गरज काय?

जुन्या कंपायलरवर चालते आहे तर चालू द्यावे, असे वापरकर्त्याला वाटणे स्वाभाविक आहे. चालकांची अडचण मात्र खरी आहे, आणि ती एका उदाहरणावरून चटकन लक्षात येते.

जीडालमध्ये प्रत्येक फाइल स्वरूपासाठी एक चालक-घटक असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. असे दोनशेच्या आसपास ड्रायव्हर आहेत आणि ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षांत लिहिले आहेत. मूळ साच्यात एखादे कार्य ठरावीक नावाने आणि ठरावीक प्राचलांसह दिलेले असते. प्रत्येक ड्रायव्हर ते आपल्या पद्धतीने पुन्हा लिहितो. समजा, साच्यातील त्या कार्यात सुधारणा झाली आणि एका कोपऱ्यातील ड्रायव्हर बदलायचा राहिला. १९९८ च्या सी++ मध्ये कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही. बांधणी यशस्वी होते, सॉफ्टवेअर सुरू होते, पण त्या ड्रायव्हरमधील कार्य कधीच बोलावले जात नाही; त्याऐवजी साच्यातील सर्वसाधारण कार्य चालते. परिणाम म्हणून प्रतिमा उघडते, पण एखादी गोष्ट चुकीची वाचली जाते. २०११ च्या मानकात यावर एका शब्दाचा उपाय आला. हे कार्य साच्यातील कार्याची जागा घेणारे आहे, असे ड्रायव्हरमध्ये त्या शब्दाने लिहून ठेवले की विसंगती होताच कंपायलर बांधणीच थांबवतो. जी चूक शेतकऱ्याच्या नकाशात उमटली असती ती प्रोग्रामरच्या टेबलावरच सापडते. स्मृतीचा वापर झाल्यावर ती आपोआप मोकळी करणारे सुरक्षित पॉइंटरही त्याच मानकात आले. शेकडो प्रतिमा एकामागून एक प्रक्रिया करणाऱ्या सर्व्हरला अशा गोष्टींचा अर्थ चांगला कळतो.

दुसरे कारण मनुष्यबळाचे. जीडालचे काम दीर्घकाळ मोजक्या लोकांच्या खांद्यावर राहिले. २०२१ मध्ये प्रायोजकत्वाची योजना सुरू होऊन देखभालीला नियमित निधी मिळू लागला, तोवर बराच भार स्वयंस्फूर्तीवर आणि सुट्या कंत्राटांवर होता. प्रत्येक जुना कंपायलर सांभाळणे म्हणजे प्रत्येक बदल त्याच्यावर तपासणे, त्याच्यासाठी कोडमध्ये आडवाटा ठेवणे आणि त्या आडवाटा कशासाठी होत्या हे पुढच्या पिढीला समजावणे. ज्या वेळात सेंटिनेलचे नवे स्वरूप वाचणारा ड्रायव्हर लिहिता आला असता, तो वेळ दहा वर्षांपूर्वीच्या कंपायलरची मर्जी राखण्यात जातो.

तिसरे कारण अधिक गंभीर आहे: जुना कंपायलर नेहमीच प्रामाणिकपणे अडत नाही. कधी कधी तो चालतो आणि चुकतो.

याचे साधे रूप जीसीसी ४.८ मध्ये दिसले. मजकुरात विशिष्ट नमुना शोधण्याची सोय २०११ च्या मानकाने दिली होती. ४.८ मध्ये तिची शीर्षक फाइल उपलब्ध होती, तिच्यावर आधारलेला कोड बिनतक्रार बांधला जात होता. पण आतले काम पूर्ण झालेलेच नव्हते. ते ४.९ मध्ये झाले. दुकानाची पाटी लागली आहे, दारही उघडे आहे, आत माल नाही, अशी ती अवस्था. कोणते मानक चालते एवढेच विचारणाऱ्या बांधणी-पद्धतीला हा दोष दिसू शकत नाही. म्हणूनच चांगल्या लायब्ररीचे चालक नुसते मानकाचे वर्ष सांगून थांबत नाहीत, कंपायलरची नेमकी आवृत्तीही सांगतात.

याचे उग्र रूप लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने पाहिले. ६४ बिटच्या एआरएम प्रोसेसरवर चालणाऱ्या यंत्रांत एक्स्ट४ या फाइल पद्धतीच्या पडताळणी-बेरजा अधूनमधून चुकत होत्या. अधूनमधून, हेच दुखणे. पुन्हा करून पाहावे तर दोष दिसेना. कर्नेलच्या एआरएम शाखेचे जुने जाणकार रसेल किंग यांनी त्याचा माग काढला तेव्हा कर्नेलचा कोड निर्दोष निघाला. दोष जीसीसी ४.९ मध्ये होता. कार्य संपताना तात्पुरती स्मृती आधी मोकळी करायची आणि तिच्यातील आकडा नंतर वाचायचा, असा उलटा क्रम हा कंपायलर काही ठिकाणी लावत होता. त्या दोन क्षणांच्या मध्ये प्रोसेसरला दुसऱ्या कामाची हाक आली तर ती जागा दुसऱ्याच आकड्याने भरली जाई. ५.१ आवृत्तीत हा दोष दुरुस्त झालेला होता. जानेवारी २०२१ मध्ये या प्रोसेसरसाठी कर्नेलची किमान अट ५.१ करण्यात आली आणि त्याच वर्षी ती सर्व प्रोसेसरना लागू झाली. साठवलेल्या माहितीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न असल्यावर जुन्या वापरकर्त्यांच्या सोयीचा मुद्दा मागे पडणे क्रमप्राप्तच होते.

अट वाढली की कोण अडते?

एवढी कारणे असली तरी नाण्याची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. विद्यापीठे, संशोधन केंद्रे आणि शासकीय कार्यालये यांतील सर्व्हरवर दीर्घ मुदतीची लिनक्स प्रणाली बसवलेली असते. रेड हॅटची सहावी आवृत्ती २०१० मध्ये आली. तिच्यासोबत जीसीसी ४.४ होता. तिच्यावर आधारलेल्या सेंटओएस ६ ला नोव्हेंबर २०२० पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळत होत्या. म्हणजे जीडालने २०१८ मध्ये २०११ चे मानक सक्तीचे केले, तेव्हा सेंटओएस ६ चालवणारा कोणताही व्यवस्थापक नियमबाह्य वागत नव्हता. त्याची प्रणाली अधिकृतपणे जिवंत होती, तरी लायब्ररी तिच्या पुढे निघून गेली होती. सातव्या आवृत्तीची कथाही अशीच. तिच्यात जीसीसी ४.८ होता आणि तिचा काळ ३० जून २०२४ रोजी संपला. २०१७ चे मानक मागणारी जीडाल ३.९ त्याच्या आदल्याच महिन्यात आली. या वेळी मात्र अंतर एका महिन्यावर आले होते, हे नोंदवण्यासारखे आहे.

अडलेल्यांना वाट अगदीच नव्हती असे नाही. रेड हॅटने जुन्या प्रणालीवर नवा कंपायलर शेजारी बसवण्यासाठी वेगळा संच दिला होता. प्रणालीचा मूळ कंपायलर तसाच राहतो, हवा तेव्हा नवा वापरता येतो आणि त्यातून तयार झालेले सॉफ्टवेअर जुन्याच यंत्रावर चालते, कारण नव्या लायब्ररीचे आवश्यक भाग त्याच्या पोटातच बांधले जातात. संगणकतज्ज्ञ हाताशी असलेल्या संस्थेला हा मार्ग सोपा होता. जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे सर्व्हरचा पासवर्ड बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या वहीत असतो, तिथे तो कागदावरच राहतो.

आणखी एक भीती असते आणि ती निराधार नाही. नवी आवृत्ती नवा कंपायलर तर मागतेच, शिवाय वागण्यातही बदल करते. नकाशांचे अक्षांश-रेखांश आणि प्रक्षेपण सांभाळणारी प्रोज ही लायब्ररी मूळची सी भाषेतील. तिची आणि जीडालची निर्देशांक व्यवस्था जुनी झाली होती. २०१८ मध्ये ती नव्याने बांधण्यासाठी संस्था आणि कंपन्यांनी मिळून निधी उभा केला. त्या मोहिमेला अमेरिकी शेतीतील ‘कोठार उभारणी’ या प्रथेचे नाव दिले गेले. तिकडे शेजारीपाजारी जमून एका शेतकऱ्याचे कोठार उभे करतात. आपल्याकडील इर्जिकीचा हा जवळचा नातलग. या कामातून मार्च २०१९ मध्ये प्रोज ६ आणि मे २०१९ मध्ये जीडाल ३.० आली. प्रोज ६ पासून त्या लायब्ररीलाही २०११ च्या सी++ चा कंपायलर लागू लागला.

जीडाल ३.० ने निर्देशांकांचा क्रमही अधिकृत व्याख्येप्रमाणे पाळायला सुरुवात केली. जगभर वापरल्या जाणाऱ्या ४३२६ क्रमांकाच्या निर्देशांक पद्धतीत अधिकृत क्रम आधी अक्षांश, मग रेखांश असा आहे. अनेकांनी स्वतः लिहिलेल्या पायथॉन आज्ञावली मात्र आधी रेखांश, मग अक्षांश देत होत्या. अशा आज्ञावलीत आवश्यक तो बदल न करता नवी आवृत्ती बसवली की, १९.९ अंश उत्तर आणि ७५.३ अंश पूर्व येथील छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातील शेत ७५.३ अंश उत्तर आणि १९.९ अंश पूर्व येथे जाऊन पडे. तिथे नॉर्वेच्या उत्तरेचा बर्फाळ समुद्र आहे. इतकी ढोबळ चूक निदान लगेच दिसते. तरी एकदा असा अनुभव घेतलेला माणूस पुढच्या आवृत्तीकडे संशयानेच पाहणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

अट वाढवण्याची रीत

अट वाढवणे योग्य की अयोग्य, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रीत मात्र योग्य किंवा अयोग्य असू शकते आणि तिच्यावरच लायब्ररीची विश्वासार्हता ठरते.

जीडालची रीत अनुकरणीय म्हणावी अशी आहे. किमान अट वाढवायची असेल तर क्रमांक दिलेला लेखी प्रस्ताव तयार होतो, तो सर्वांसाठी खुला असतो आणि संचालन समिती त्यावर मत देते. ३.९ साठीचा प्रस्ताव ९८ व्या क्रमांकाचा होता. त्यात कंपायलरसोबत बांधणीचे साधन सीमेक, प्रोज आणि जिऑस या लायब्ररी आणि पायथॉन यांच्याही किमान आवृत्त्या एकत्र ठरवल्या गेल्या. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. सीमेक ३.१६, प्रोज ६.३.१, जिऑस ३.८, पायथॉन ३.८ ही सर्व उबुंटू २०.०४ या दीर्घ मुदतीच्या प्रणालीसोबत येणारीच साधने आहेत. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे साथ मिळते. लोक प्रत्यक्षात जी प्रणाली वापरतात तिच्याशी अट जोडल्यामुळे ती कोणालाही आधी ओळखता येते. चालकांच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. दिनदर्शिका पाहिली की पुरते.

दुसरा नियमही तितकाच महत्त्वाचा. जीडालच्या मुख्य आवृत्त्या साधारणपणे मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात. त्यांच्या मधल्या काळात दर दोनेक महिन्यांनी केवळ दोष दुरुस्त करणाऱ्या छोट्या आवृत्त्या येतात. अट वाढवायची ती मुख्य आवृत्तीत, छोट्या आवृत्तीत कधीच नाही. जो वापरकर्ता फक्त सुरक्षा दुरुस्ती घ्यायला आला आहे त्याच्याकडे अचानक नवा कंपायलर मागणे म्हणजे पाणीपट्टी भरायला आलेल्या शेतकऱ्याला आधी नवी मोटर घ्यायला लावण्यासारखे आहे.

अटीची जाणीव पुरेशी आधी पोहोचली नाही तर काय होते, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी या लायब्ररीने दाखवले. ३.४ आवृत्तीपासून तिच्या बांधणीसाठी सी कंपायलरच्या जोडीला रस्ट या नव्या भाषेचा कंपायलरही लागू लागला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णयाला आधार होता. स्मृतीच्या चुका टाळणे हेच रस्टचे बलस्थान आहे. परंतु माहिती गुप्त ठेवणारी ही लायब्ररी असंख्य आज्ञावलींच्या पोटात न सांगता बसलेली असते. ज्यांच्या यंत्रांसाठी तयार बांधणी उपलब्ध नव्हती, त्यांच्या स्वयंचलित बांधण्या एका दिवसात कोसळल्या. आपण ही लायब्ररी वापरतो हे त्यांपैकी अनेकांना त्या दिवशीच कळले. काही जुन्या प्रोसेसरसाठी तर रस्टचा कंपायलरच अस्तित्वात नव्हता. त्यांच्यापुढे पर्याय जुन्या आवृत्तीवर थांबण्याचाच उरला.

रस्टच्या जगात हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण त्या कंपायलरची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते. सात वर्षे थांबण्याची जीडालची सवय तिथे कल्पनेपलीकडची. त्यांनी काढलेला तोडगा मात्र सर्वांनी पाहण्यासारखा आहे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक लायब्ररीला आपली किमान कंपायलर आवृत्ती यंत्राला वाचता येईल अशा रीतीने आपल्याच ओळखफाइलमध्ये लिहिता येते. जानेवारी २०२५ पासून बांधणीचे साधन त्या नोंदी वाचून, वापरकर्त्याने सांगितलेल्या कंपायलरला झेपतील अशाच आवृत्त्या निवडू शकते. अट कोणत्या तरी माहितीपत्रकाच्या तळाशी दडवून न ठेवता पिशवीवरच छापली, आणि दुकानदाराने ती वाचून माल दिला, असे हे झाले. बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचायची सवय असलेल्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

केंद्रावर काय करता येईल

कृषी विज्ञान केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा महाविद्यालयाची नकाशा प्रयोगशाळा यांना कंपायलर हाताळण्याची वेळच येऊ नये, हे उत्तम. विंडोजवर ओएसजिओफोरडब्ल्यू या संचातून क्यूजीआयएस आणि जीडाल तयार बांधणीसह मिळतात. लिनक्सवर आणि विंडोजवरही कोंडा-फोर्ज या भांडारातून तीच सोय होते. तिथे कोणी तरी नव्या कंपायलरवर बांधणी आधीच केलेली असते आणि आवश्यक लायब्ररी सोबत येतात. कार्यालयीन सर्व्हरची प्रणाली न बदलता नवी जीडाल वापरण्याचा हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे. अर्थात तयार बांधणीलाही तळ असतोच. लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची एक किमान आवृत्ती कोंडा-फोर्जही मागते आणि तीही काळानुसार वर सरकली आहे. विंडोज ७ वर काम करणाऱ्यांना हा तळ आधीच लागला आहे: ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या पायथॉन ३.९ पासूनच्या आवृत्त्या त्या प्रणालीवर बसत नाहीत, आणि क्यूजीआयएसला पायथॉन लागतो.

क्यूजीआयएस निवडताना दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. ती साधारण वर्षभर दुरुस्त्यांसह चालते आणि हंगामाच्या मध्ये वागणूक बदलत नाही. नवी वैशिष्ट्ये सहा महिने उशिरा मिळाली तर शेतीच्या कामात काही अडत नाही.

संगणकावर काय बसवले आहे याची एक साधी नोंदवही ठेवली तर निम्मे प्रश्न सुटतात. प्रणालीचे नाव आणि तिची साथ संपण्याची तारीख, क्यूजीआयएस, जीडाल आणि पायथॉन यांच्या आवृत्त्या, आणि त्या कोणत्या भांडारातून घेतल्या एवढे पुरे. माती परीक्षणाच्या उपकरणाची अंशांकन नोंद जशी ठेवतात, तशीच ही. बदलीनंतर येणाऱ्या सहकाऱ्याला तिचा उपयोग जाणाऱ्याला वाटतो त्याहून जास्त होतो.

बदल करायचा तो रब्बीची काढणी आटोपल्यावर आणि खरिपाची धावपळ सुरू होण्यापूर्वी. नवी मुख्य आवृत्ती आली त्याच आठवड्यात ती घेण्याची घाई नको. तिच्यानंतरची पहिली दुरुस्ती आवृत्ती येऊ द्यावी. मग एका ओळखीच्या तालुक्याची जुनी प्रतिमा घेऊन तिच्यावर जुन्या आणि नव्या आवृत्तीत तीच प्रक्रिया करावी. हिरवेपणाच्या निर्देशांकाचे आकडे जुळतात का, गटांच्या सीमा जागेवर आहेत का, क्षेत्रफळाची बेरीज तीच येते का, हे पाहावे. एका दुपारचे काम आहे. केंद्राने स्वतःच्या पायथॉन आज्ञावली लिहिल्या असतील तर निर्देशांकांचा क्रम आधी तपासावा. वर सांगितलेला आर्क्टिकचा प्रवास अजूनही अनेकांना घडतो.

आर भाषेत सांख्यिकी विश्लेषण करणाऱ्यांनीही सावध राहायला हवे. एप्रिल २०२३ मधील आर ४.३ पासून पॅकेजेस बांधताना, कंपायलरला झेपत असल्यास, २०१७ चे सी++ मानकच गृहीत धरले जाते. जीसीसी ४.८ असलेल्या सर्व्हरला ते मानक झेपत नाही, त्यामुळे एखादे पॅकेज बसते आणि दुसरे का बसत नाही, हे कोडे तिथे वारंवार पडते. दोष पॅकेजचा नसतो.

आणि एक गोष्ट राहून जाते. किमान अट वाढवण्याचा प्रस्ताव खुला असतो तेव्हा त्यावर मत देण्यासाठी प्रोग्रामर असावे लागत नाही. अमुक जिल्ह्यांतील इतक्या केंद्रांवर अमुक प्रणाली चालते, ती अमुक वर्षी बदलणार आहे, एवढी माहिती चालकांना हवीच असते. ती मिळाली नाही तर ते उबुंटूच्या दिनदर्शिकेवर विसंबतात. संशोधन संस्थांच्या संगणक विभागांनी वर्षातून एकदा अशी माहिती गोळा करून कळवली, तर पुढची पायरी कोणत्या साली यावी यात भारतीय शेतीचाही शब्द राहील.

तोवर सेंटओएस ७ वरच अडकलेल्या केंद्राला जीडाल ३.८ पर्यंतचा कोड त्याच कंपायलरच्या मानकात बसतो. नोव्हेंबर २०२३ ची ही आवृत्ती आजच्या सेंटिनेल प्रतिमा वाचते. तिला नव्या दुरुस्त्या मिळणार नाहीत आणि त्या प्रणालीला सुरक्षा दुरुस्त्याही मिळत नाहीत, म्हणून असा सर्व्हर इंटरनेटपासून तोडून फक्त अंतर्गत कामासाठी ठेवावा, आणि पुढच्या आर्थिक वर्षाच्या मागणीपत्रात त्याच्या जागी नव्या यंत्राची नोंद करावी.